आवाज मागे पडतोय? आधी फ्रेमरेट बघा

मोबाइलवर शूट केलेला व्हिडिओ एडिट करताना आवाज मागे पडला की रॅम वाढवायचा सल्ला दिला जातो, तो इथे लागू पडणार नाही. तीच फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये नीट चालते आणि व्हिडिओ एडिटरमध्ये टाकली की ओठ-आवाजाचा मेळ हळूहळू सुटत जातो, म्हणजे बहुधा व्हेरिएबल फ्रेमरेटचं (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, हा आकडा बदलत राहण्याचं) दुखणं. (सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक सारखाच राहत असेल तर कारण वेगळं.) उजेड कमी पडला की मोबाइल एकेका फ्रेमला जास्त वेळ देतो, त्यामुळे सेकंदाला ३० चे कधी २४-२५ फ्रेम होतात. प्लेअर प्रत्येक फ्रेमवरची वेळ पाहून चालतो, पण बरेच एडिटर सगळे फ्रेम समान अंतरावर धरतात.

फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये 'फ्रेम रेट मोड' व्हेरिएबल दिसला की फाइल आधी हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून काढा. व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट ३० आणि खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (न बदलणारा) निवडा. 'सेम अ‍ॅज सोर्स'वर विसंबू नका, भलताच अपूर्णांक येऊ शकतो. २५ तर नकोच, पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) चित्र अडखळतं. एक्स२६४ या व्हिडिओ एन्कोडरला आरएफ (दर्जाचा आकडा) १८ द्या. फाइल फुगेल, पण पुढे पुन्हा एन्कोड व्हायचंच आहे, तेव्हा दर्जा राखलेला बरा. आवाजाला 'एएसी पासथ्रू', म्हणजे तो जसाच्या तसा ठेवा. केडेनलाइव्ह हा एडिटर वापरत असाल तर अशी क्लिप घेतानाच ते रूपांतराबद्दल विचारतं, तिथे हो म्हणा. मात्र हे रूपांतर कापाकापीच्या आधी करा. टाइमलाइन रचून झाल्यावर फाइल बदलली तर सगळे कट सरकतात.