मदत हवी आहे : स्टाफ नर्सच्या बढतीच्या फॉर्ममध्ये 'घटनांची संख्या' धरावी का?

नमस्कार मंडळी. मी सरकारी रुग्णालयात वॉर्ड इन्चार्ज आहे. आमच्याकडे बढती आजवर निव्वळ सेवाज्येष्ठतेवर व्हायची. आता ज्येष्ठतेच्या जोडीला कामाचे गुणही धरायचे ठरलंय आणि फॉर्म तयार करणाऱ्या समितीत मला घातलंय.

जुन्या गोपनीय अहवालाबद्दल काय बोलावं! वक्तशीरपणा चांगला, वागणूक चांगली, सचोटी संशयातीत. सगळ्यांना तेच. अहवाल लिहायच्या महिन्यात साहेबांशी वाजलं, तर मात्र अख्खं वर्ष पाण्यात. तेव्हा तो बदलायला हवा यात वाद नाही.

पण नव्या मसुद्यात पेशंट पडणं, औषधाची चूक, बेडसोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) यांचे आकडे घेतलेत. नोंदी कमी, गुण जास्त. मला खटकतंय ते इथेच. एखादी सिस्टर इंजेक्शन भरताना लेबल पुन्हा वाचते, डोस दहापट लिहिलाय हे तिच्या लक्षात येतं, डॉक्टरांना फोन करून ती ऑर्डर दुरुस्त करून घेते आणि वर प्रामाणिकपणे घटनेचा फॉर्मही भरते. तिच्या वॉर्डाची एक नोंद वाढली. शेजारच्या वॉर्डात कोणी फॉर्म भरतच नाही, त्यामुळे तो वॉर्ड पहिला! शिवाय आयसीयूतला, कूससुद्धा न बदलता येणारा पेशंट आणि मोतीबिंदूच्या वॉर्डातला पेशंट, दोघांच्या बेडसोअरची तुलना कशी करायची?

आकड्यांऐवजी काय ठेवता येईल? कोणी असा फॉर्म वापरला असेल तर कृपया सांगा. नाइट ड्युटी आणि दीर्घ रजेचं काय करता, तेही.

प्रतिसाद :
ताई, घटनांचे आकडे व्यक्तीच्या फॉर्ममधून काढाच. ते वॉर्ड सुधारण्यासाठी वापरा, बढतीला जोडलेत की नोंदी बंद पडतील. त्याऐवजी वागणुकीचे प्रसंग लिहिलेली श्रेणी करून बघा. स्मिथ आणि केंडल या मानसशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये मांडलेली ही पद्धत मुळात नर्सेससाठीच होती. हेड नर्सेसकडूनच प्रसंग गोळा केले, मग दुसऱ्या गटाला तो प्रसंग कोणत्या गुणाचा ते ओळखायला लावलं. ज्यावर एकमत झालं नाही ते प्रसंग बाद.

उदाहरणार्थ हँडओव्हर, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरकडे पेशंट सोपवणं. तळाला 'फाइल टेबलावर ठेवून निघून जाते'. वरच्या टोकाला 'बेडपाशी उभं राहून ड्रेनच्या नळीतून किती स्राव आला, पुढचा डोस कधी, नातेवाइकांना काय सांगितलंय, हे सांगते'. साहेबांना नुसतं 'चांगली' लिहून सुटता येत नाही. दीर्घ रजेवर असलेल्यांचं मूल्यमापन फक्त हजर काळाचं करा, रजेचे गुण कापू नका.

आणि एक. पेशंटपाशी उत्तम काम करणारी सिस्टर रजिस्टर आणि ड्युटी चार्टमध्ये रमेलच असं नाही. तिला इन्चार्ज न करता वरची श्रेणी देता येईल, अशी वेगळी शिडी समितीत सुचवा.

धागाकर्ती :
आभारी आहे! हँडओव्हरचं उदाहरण जसंच्या तसं मांडते. प्रसंग गोळा करायला आमच्या सिस्टर्स एका पायावर तयार होतील. समितीतल्या आस्थापना विभागाच्या साहेबांचा एक आक्षेप मात्र येणारच : डावलला गेलेला कोर्टात गेला तर आकड्याशिवाय दाखवायचं काय? वर्षभर तारखेनिशी नोंदवही ठेवून त्यावर सिस्टरची सही घेतली, तर चालेल का? असं कोणी केलंय का?