ओलिव्हिया लामासन: नुसती रडारड नव्हे

फिलिपिनो दिग्दर्शिका लामासन यांचे सिनेमे म्हणजे नुसती रडारड, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. १९९५चा 'साना माउलित मुली' बघा. आग्नेस (लिया सलोंगा) अमेरिकेला जाते, तिचा प्रियकर जेरी मनिलात राहतो. तो मागाहून तिथे पोचतो तेव्हा पारडं फिरलेलं असतं: ती घरं विकण्याच्या धंद्यात स्थिरावलेली, तो मिळेल ते काम करणारा. भांडण प्रेमाचं दिसतं, पण पेटतं ते कमाई आणि मानावरून. 'मिलान'मध्ये (२००४) बायकोला शोधायला निघालेला नवरा चोरवाटेने इटलीत शिरतो. 'माद्रास्ता' (१९९६) मात्र घरातल्या सावत्र आईचा. नव्यांनी 'साना'पासूनच सुरुवात करावी, आणि बुजरी आग्नेस हळूहळू किती ठाम बोलू लागते तिकडे लक्ष ठेवावं.