गुण ओसरला म्हणजे इंजेक्शन वाया गेले असे नाही
कंबरदुखीसाठी फॅसेट सांध्याजवळ (मणक्यांना मागच्या बाजूने जोडणारा छोटा सांधा) दिलेल्या इंजेक्शनाचा गुण दुसऱ्याच दिवशी ओसरला म्हणून पैसे वाया गेले, असे काहींना वाटते; ते मला पटत नाही. कंबरेचे दुखणे याच सांध्यांतून येते का, हे एमआरआयवरून खात्रीने ठरत नाही. म्हणून क्ष-किरण यंत्रात पाहत सांध्याच्या बारीक नसेजवळ बधिरतेचे औषध देऊन पाहतात; ही चाचणी असते, आणि औषधाचा परिणाम काही तासच टिकणे अपेक्षित असते. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीवर उपचार म्हणून पाठीत इंजेक्शने देऊ नयेत असे म्हटले आहे, मात्र अशा चाचणीने आराम पडलेल्या निवडक रुग्णांसाठी रेडिओफ्रिक्वेन्सीने (रेडिओलहरींच्या उष्णतेने) ती नस निकामी करण्याचा पर्याय खुला ठेवला आहे.

माझ्या आईला हे इंजेक्शन दिले त्या वेळी डॉक्टरांनी घरी आल्यावर नुसते पडून न राहता, एरवी जिने कळ येते तीच हालचाल करायला सांगितले होते: जिना उतरणे, मागे वाकून दोरीवर कपडे वाळत घालणे, आणि दर तासाला दुखणे दहापैकी किती, ते वहीत लिहायला. पुढचा निर्णय त्या पानावरूनच झाला. मधुमेह असलेल्यांनी मात्र इंजेक्शनात स्टिरॉइड आहे का हे आधीच विचारावे, कारण त्याने काही दिवस रक्तातील साखर वाढू शकते.