अनुभव धागा: सगळ्यांचं म्हणून काय टिकलं, काय मोडलं?

बैल, पाणी, भांडी, अवजारं. मिळून वापरलेल्या कुठल्याही गोष्टीचा अनुभव लिहा. फसलेला असेल तर आधी लिहा. व्यवस्था कोण बघायचं, कुरबुर झाली तर काय करायचे, हे जरूर सांगा.

सुरुवात माझ्यापासून. आजोळ परभणीकडचं. आजोबांकडे एकच बैल, शेजारच्या काकांकडे एक. पेरणीला दोघांची सावड, म्हणजे दोन्ही बैल एकत्र जुंपून आळीपाळीनं दोघांची रानं पेरायची. पण वाफसा आला, म्हणजे रान पेरणीजोगं झालं, की पहिला दिवस कुणाचा यावरून दरवर्षी धुसफूस. शेवटी आजीनं ठरवून दिलं: गेल्या साली ज्याचं रान आधी, त्याचं यंदा मागून. मग बैल विकेपर्यंत कधी वाद झाला नाही.

*

आमचं गाव पांझरेकाठी, साक्री तालुक्यात. आमच्याकडे फड होते. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. प्रत्येकाचा तुकडा जवळपास प्रत्येक फडात. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवला तरी झळ सगळ्यांना सारखीच. शेतकऱ्यानं स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. पाट बघायला पाटकरी, पिकाला पाणी द्यायला बारेकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांना धान्य मिळायचं. वडील सांगायचे, पाटाचा गाळ काढायला घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर, नाही आला तर दंड. पुढे विहिरी आणि मोटारी झाल्या. ज्याची विहीर भरलेली, तो गाळ काढायला कशाला येईल? माझ्या लहानपणी त्या पाटात आम्ही पाय सोडून बसायचो, आता तिथे बाभळी आहेत. फार वाईट वाटतं.

*

माझं सासर पुरंदरचं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापावर नाही, माणशी मिळायचं: अर्ध्या एकरापुरतं, घरटी जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस नाही. भूमिहीनालाही हक्क. जमीन बरीच असून पाणी मात्र माणसं मोजून, हे सासऱ्यांना आधी पचलं नाही. पण उन्हाळ्यात शेजारच्या घरी ज्वारीची भाकरी आणि हिरवा कांदा दिसायला लागला, तेव्हा तेच इतरांना हिशेब समजावून सांगायला लागले.

*

आमचा फसलेला. बचत गटानं मळणी यंत्र घेतलं. दुसऱ्या हंगामात पट्टा तुटला. त्याआधी शेवटचं कोणी वापरलं ते कळेना, म्हणून दुरुस्तीचे पैसे कुणी देईना. पत्र्याखाली गंजतंय. आम्ही वही ठेवली नव्हती, बाकी काही नाही.

*

ताई, वहीचं अगदी खरं. गिरगावातल्या आमच्या चाळीत मंडळाची भांडी होती. प्रत्येक पातेल्याच्या काठावर मंडळाचं नाव ठोकलेलं. नेताना मोजून, आणताना मोजून, आणि सही. मोठा झारा एका लग्नात हरवला, तर त्या घरानं दुसऱ्याच दिवशी नवा आणून दिला, नाव ठोकून. वही आईकडे असायची.

*

दादा, त्या वहीत रकाने कसे आखलेले होते, आठवतंय का? आम्हाला तसेच आखायचेत.