खेळ बंद न करता उद्यानातली हिरवळ कशी सावरायची?

प्रश्न: गोलपोस्टासमोर माती दगडासारखी घट्ट झालीये, पाणी वरच साचतं. बी टाकलं तरी टिकत नाही. उद्यान पूर्ण बंद ठेवणं शक्य नाही. काय करावं?

उत्तर १: नुसत्या बियांनी भागणार नाही, मुळांना हवाच मिळत नाहीये. माती ओलसर असताना (चिखल नको) पोकळ दात्यांच्या यंत्राने (हे मातीचे छोटे तुकडे उपसून बाहेर काढतं) ८-१० सेंमी खोल भोकं पाडा, वर चाळलेलं कंपोस्ट अर्धा सेंमी पसरा, मग बी. सळईने भोकं नकोत. कडेची माती उलट दाबली जाते.

उत्तर २: शिवाय हिरवळीचे तीन भाग करून आळीपाळीने एकेक ६-८ आठवडे बंद ठेवा. गोलपोस्ट हलवता येणारे घ्या, पण जमिनीत नीट अडकवा. मोकळे उलटून मुलांच्या जिवावर बेततं.

उत्तर ३: लोक आडवे जातात तिथे कुंपण नको, तीच वाट मुरूम टाकून पक्की करा.