तार तुटते की मोडते? (‘ठिसूळ’, ‘भंगुर’ वगैरे)

भोसरीकर: स्प्रिंगच्या कारखान्यासाठी एक सूचनापत्रक मराठीत करतोय, ‘हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट’पाशी अडलोय. प्लेटिंगच्या (वरून दुसऱ्या धातूचा थर चढवण्याच्या) आधी तार ॲसिडमधून काढतात, तेव्हा हायड्रोजन अणुरूपात पोलादात शिरतो. तार दिसायला होती तशीच. पण ताणून बसवली की काही तासांनी, कधी काही दिवसांनी, अचानक जाते. म्हणून प्लेटिंगनंतर लगेच 200 अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवायची. मी ‘ठिसूळता’ लिहिलं. फोरमन म्हणाले, “ठिसूळ तुमची चिक्की. चुरा होतो ते ठिसूळ. तारेचा चुरा होतो का?”

शुद्धमती: उद्जन-भंगुरता. उद्जन म्हणजे हायड्रोजन, आणि भंगुर संस्कृत क्रियाधातू भञ्ज् (मोडणे) वरून, अर्थ चपखल.

तळेगावची: उद्जन वाचून भट्टीवरचा माणूस उदबत्ती लावेल. आणि भंगुर म्हटलं की पुढे ‘क्षण’ लावल्याशिवाय राहवत नाही.

जुना डायवाला: तारा ओढण्यात उमेदीची वर्षं गेली. आम्ही म्हणायचो ‘तार काच झाली’. नवी पोरं ‘कडक झाली’ म्हणतात, ते साफ चूक. हार्डनेस मोजा, आकडा जवळपास तोच येतो, म्हणून तर फसायला होतं. आता क्रियापद बघा. चांगली तार *तुटते*: आधी एका जागी बारीक होते, मान काढते, मग तुटते. ही *मोडते*, काडीसारखी, मान न काढता. दोर तुटतो, काठी मोडते, काच फुटते, भिंतीला तडा जातो. मराठीत एवढा भेद असताना सगळ्याला ‘भंग’ कशाला?

शुद्धमती: लग्नही मोडतं. पत्रकाला संज्ञा लागते, काका, क्रियापद नाही.

तळेगावची: मग नामधातू करा. मंदावणे, रोडावणे, तसं ठिसुळावणे. ‘ठिसुळावलेली तार’. (ठिसूळपणात सू दीर्घ, इथे ऱ्हस्व. आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढचे वीस प्रतिसाद त्यावरच जातील.)

भोसरीकर: पुढच्याच ओळीत ‘स्ट्रेस कोरोजन’ आहे, म्हणजे ताण आणि गंज मिळून तडा जाणं. पाठ्यपुस्तकी ‘प्रतिबल संक्षारण’ लिहिलं तर पत्रक भिंतीवरच राहील. ‘ताण-गंज’ चालेल?

कसबा_पेठ: ताण हल्ली परीक्षेचा असतो. ‘ओढ’ म्हणा. शिवाय गंज चढतो लोखंडाला. पितळेला कळक येतो, आणि कळकतं ते त्यातलं ताक.

जुना डायवाला: पितळेवरून आठवलं. इंग्रजी अमदानीत आपल्याकडे फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे. काडतूस ओढून घडवलेलं, ती ओढ अंगातच राहिलेली, आणि तबेल्याच्या हवेत जनावरांच्या मुतातला अमोनिया. धातू, ओढ, हवा, तिन्ही जुळलं की तडा. अमोनियाचा हात 1921 साली नीट उलगडला. पण साहेबानं नाव काय दिलं होतं? ‘सीझन क्रॅकिंग’. पावसाळी तडा! जे दिसलं ते नाव. आपण मात्र आधी संस्कृत क्रियाधातूंची यादी, धातुपाठ उघडणार.

शुद्धमती: साहेबाचं नावही कारण न सांगणारंच निघालं की. उन्हाळ्यात अमोनिया सोडला तर तडा जाणार नाही? संज्ञेनं कारण सांगावं, म्हणूनच ‘उद्जन’ हवं.

तळेगावची: हायड्रोजन म्हटल्यानं कारण कळत नाही? आठवीतल्या मुलाला विचारा.

कसबा_पेठ: तार ओढायचा विषय निघालाच आहे तर, सोनाराकडे भोकांची पट्टी असते तार ओढायला, तिला आमच्याकडे जंतर म्हणतात.

शुद्धमती: जंत्री.

कसबा_पेठ: जंत्री म्हणजे यादी. आजोबा सोनारकाम करायचे, जंतरच म्हणायचे.

जुना डायवाला: दोन्ही ऐकलंय. यंत्रावरूनच आलं असणार.

भोसरीकर: मंडळी, पत्रक उद्या छापायला जातंय. फोरमननी शेवटी स्वतःच्या हातानं लिहून दिलं: “प्लेटिंग झाल्यावर भट्टी चुकवली तर तार काच होते. मोडेल.” खाली सही.

शुद्धमती: ‘मोडेल’ कर्तरी आहे, कर्ता पुन्हा लिहायला हवा.

कसबा_पेठ: यंत्रावरून आलं तर अनुस्वारानंतरचा ‘त्र’ गेला कुठे?