ख्रिस्ती गाणी आणि चित्रपट कच्चे का वाटतात? नेमकं कुठे बघायचं?

उपासनावृंद (प्रश्न)

ख्रिस्ती गाणी आणि चित्रपट यांच्याबद्दल एक तक्रार सतत ऐकू येते: भाव खरा, पण कला कच्ची. पैसा नव्हता एवढं म्हणून ती झटकता येत नाही, कारण भरपूर खर्च केलेल्या कामांतही तोच कच्चेपणा दिसतो. सहा गाणी आणि २५ मिनिटांचा एक लघुपट करायचा आहे. चार गाणी मंडळीने एकत्र गायची, त्यांतली दोन इंग्रजी चालींवरची भाषांतरं. उरलेली दोन नुसती ऐकायची. ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण सुरू होण्याआधी चाली, शब्द आणि पटकथा कशा तपासाव्यात? ‘प्रार्थनापूर्वक करा’ हे मान्यच आहे. कुठे काय बिघडतं आणि ते कसं दुरुस्त करायचं, ते सांगा.

काळीपाच

मंडळीने गायची आणि नुसती ऐकायची गाणी तुम्ही आधीच वेगळी काढलीत हे फार चांगलं केलंत. बहुतेक बिघाड हा फरक न केल्यामुळे होतो. ऐकायच्या गाण्यात गायकाच्या गळ्याला मोकळीक असते. मंडळीच्या गाण्यात शेवटच्या रांगेतल्या, कधीच न शिकलेल्या माणसाचा गळा हेच माप.

आधी पट्टी बघा. एकत्र गाताना तारेकडचा टोकाचा सूर पेटीच्या (हार्मोनियमच्या) पांढरी दोनपर्यंत ठेवावा, फार तर काळी दोन. मुद्रित गाण्यांत मुख्य गायक उंच आवाजाचा असतो आणि त्याचा टोकाचा सूर पांढरी पाच, कधी पांढरी सहाला लागतो. म्हणजे पाच ते सात अर्धस्वर वर. मग पुरुष गप्प होतात किंवा एक सप्तक खाली उतरून पुटपुटतात. यावर नुसती पट्टी खाली आणली तर बऱ्याच नव्या गाण्यांत दुसराच घोळ होतो: कडवं खर्जात बुडतं. कारण चालच अशी बांधलेली असते की कडवं खाली आणि ध्रुवपद त्याच्या एक सप्तक वर, म्हणजे एकूण पल्ला दीड सप्तकाच्या पुढे जातो. तिथे कडव्याची चाल नव्याने बांधावी लागते. पूर्ण पल्ला एक सप्तक आणि वर दोन-तीन स्वर, एवढ्यात बसवा. टोकाचा सूर प्रत्येक ओळीत वापरू नका. ध्रुवपदात एकदा, फार तर दोनदा आला तरच त्याला वजन येतं.

आता भाषांतरं. इथे मराठी ख्रिस्ती गाणी सर्वांत जास्त मार खातात. जुन्या इंग्रजी स्तोत्रांचा एक नेहमीचा साचा म्हणजे ८-६-८-६ उच्चारित अक्षरांच्या चार ओळी. ओळ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या जोरकस ठोक्यावर, सुरू होत नाही, समेच्या आधीच्या हलक्या सुरावर सुरू होते. तिथे लघू अक्षर हवं आणि समेवर गुरू. ‘कृपा’, ‘दया’, ‘प्रभू’, ‘तुझा’, ‘सदा’, ‘मला’ हे शब्द लघू-गुरू आहेत; ओळीच्या तोंडाशी ते अलगद बसतात. ‘येशू’, ‘देवा’, ‘माझा’ यांची दोन्ही अक्षरं गुरू. त्यांनी ओळ सुरू केली की ‘ये’ घाईत निसटतं आणि ‘शू’वर दणका बसतो. शब्द तेच ठेवून क्रम बदलला तरी अर्धी दुरुस्ती होते.

दुसरं, मोजणी कागदावर करू नका, तोंडाने करा. ‘जीवन’ लिहिताना तीन अक्षरं, म्हणताना दोन: जी-वन. अभंगात शेवटचा अ उच्चारायची रीत आहे, म्हणून तिथे ‘जी-व-न’ चालतं. पाश्चात्त्य चालीवर तेच तीन सुरांवर ताणलं की मराठी माणसाच्या कानाला ते परकं लागतं.

तिसरं, प्रत्यय कुठे पडतात ते पाहा. ‘प्रेमाने’मधला ‘ने’, ‘रक्ताच्या’मधला ‘च्या’ चार मात्रांच्या लांब सुरावर आला, तर सगळं वजन अर्थ नसलेल्या अक्षरावर जातं. लांब सूर मूळ शब्दाच्या अक्षरावर पडेल असं बांधा. आणि टोकाच्या सुरावर ई किंवा ऊ टाळा, गळा आवळतो. ‘प्रभू’ऐवजी ‘देवा’ किंवा ‘ख्रिस्ता’ घेतलं तर आ मिळतो आणि आवाज मोकळा सुटतो.

चाल मराठी छंदातूनच घ्यायची तयारी असेल, तर वाट जुनी आहे. थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. नारायण वामन टिळकांची भजनं आजही मंडळ्यांत गायली जातात, कारण त्यांतल्या शब्दांना मराठी गळ्याची चाल जन्मतःच आहे. चारपैकी निदान एक गाणं अशा छंदात करून बघा.

स्तोत्र८८

वरच्या तांत्रिक मुद्द्यांना पूर्ण पाठिंबा. पण चाल निर्दोष असूनही गाणं पोकळ राहू शकतं. त्याचं कारण बहुतेक वेळा शब्दांतल्या भावाचा पल्ला. सहाही गाणी वाचा आणि प्रत्येकात गाणाऱ्याची अवस्था पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बदलते का, ते एका वाक्यात लिहा. ‘आनंदी होता, आनंदीच राहिला’ असं सहाही वेळा निघालं तर थांबा.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतच याची घडण शिकायला मिळते. तेराव्या स्तोत्रात अवघी सहा वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, मग विनवणी, मग भरवसा. भरवसा शेवटी येतो आणि त्याआधीची तक्रार खरी असते, म्हणून तो पेलतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. विलापगीत नावाचं अख्खं पुस्तक शास्त्रात आहे, पण उपासनेच्या गाण्यांत विलाप जवळजवळ सापडत नाही. ऐकायच्या दोन गाण्यांपैकी एक विलाप करा, आणि शेवटच्या कडव्यात घाईने आनंद चिकटवू नका.

पुनरावृत्तीबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. ‘तीच ओळ पुन्हा पुन्हा’ हा दोष नेहमी दाखवला जातो. दोष पुनरावृत्तीचा नसतो, काहीच न बदलता केलेल्या पुनरावृत्तीचा असतो. १३६व्या स्तोत्रात एकच पालुपद २६ वेळा येतं, पण दर वेळी त्याच्या आधीचा अर्धा भाग नवा असतो: निर्मिती, मिसरमधून सुटका, रान, देश. फ्रान्समधल्या तेझे इथल्या मठात एकच छोटी ओळ मंडळी कितीतरी वेळा गाते, तेव्हा वरून एकल गायकाची वेगळी वचनं आणि वाद्यांचे तुकडे येत राहतात. तुमच्या गाण्यात एखादी ओळ आठ वेळा येत असेल, तर दर दोन फेऱ्यांना काही तरी बदला: दुसरा आवाज जोडा, ताल काढून घ्या, स्वरसंगतीतला खालचा सूर हलवा. चार वेळांनंतर बदलायला काहीच उरत नसेल तर चार वेळाच गा.

मिक्सिंगटेबल

मुद्रणाचं थोडक्यात. या प्रकारच्या संगीतात सिंथचा सलग पसरलेला सूर, म्हणजे पॅड, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजत ठेवायची सवय आहे. २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात पॅड, गिटार, पियानोचा डावा हात आणि पुरुषी आवाज एकमेकांवर चढतात आणि शब्द कळेनासे होतात. पॅडचा हाच पट्टा कमी करा आणि निदान एका कडव्यात पूर्ण बंद ठेवा. बंद झाल्याशिवाय तो होता हे कानाला कळत नाही.

आवाजावरचा रिव्हर्ब (घुमारा) लांब हवा असेल तर प्री-डिले, म्हणजे घुमारा सुरू होण्याआधीची फट, ४० ते ८० मिलिसेकंद ठेवा, म्हणजे व्यंजनं आधी स्पष्ट पोचतात आणि घुमारा मागून येतो. मराठीत ‘त्व’, ‘स्त’, ‘क्ष’ अशी जोडाक्षरं भरपूर, ती पहिल्यांदा पुसली जातात. आणि पहिल्या ओळीपासून सगळं चढ्या आवाजात दाबून भरू नका. पहिलं कडवं आणि शेवटचं ध्रुवपद यांच्यात पाच-सहा डेसिबलचा फरक राहिला, तर शेवटाला मोठं वाटायला जागा मिळते.

मौनाचं सामर्थ्य ऐकायचं असेल तर जर्मन संगीतकार बाखचं मत्तयाच्या शुभवर्तमानावरचं पॅशन (येशूच्या दुःखसहनाची संगीतरचना) ऐका, १७२७चं. येशूच्या शब्दांमागे सगळीकडे तंतुवाद्यांचं वलय असतं. क्रुसावरच्या ‘एली, एली’ (माझ्या देवा, माझ्या देवा) या आक्रोशाला ते वलय थांबतं. त्यागलेपण नुसतं वाद्यं काढून घेऊन ऐकवलं आहे.

दृश्यसंहिता

लघुपटाबद्दल. २५ मिनिटं म्हणजे नेहमीच्या मांडणीत साधारण २५ पानं. छापून घ्या आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसा.

पहिल्या रंगाने अर्थ सांगणारे संवाद खुणवा. ‘देवाने मला नवं आयुष्य दिलं’ हा संवाद आधीच्या दृश्यात तो माणूस वेगळा वागताना दिसला असेल तर फालतू आहे, आणि दिसला नसेल तर खोटा. दोन्ही वेळा तो काढायचा.

दुसऱ्या रंगाने विश्वास नसलेल्या पात्राचे संवाद खुणवा आणि ते सलग वाचा, बाकीचं झाकून. त्यात एकही असा मुद्दा नसेल ज्याला विश्वासू माणसाला सहज उत्तर देता येत नाही, तर ते पात्र उभं राहिलेलंच नाही, ते नुसतं हरायला आणलेलं आहे. ख्रिस्ती चित्रपटांतला हा सर्वांत मोठा दोष आहे असं माझं ठाम मत आहे. बायबलमधले ईयोबाचे मित्र दुःखी माणसाला तयार उत्तरं देऊन ज्या चुका करतात त्याच चुका इथे नायक करतो आणि लेखक त्याला शाबासकी देतो. विरोधकाला तुमच्या मनातली सर्वांत अवघड शंका द्या.

तिसऱ्या रंगाने प्रार्थना आणि तिचं फळ यांतलं अंतर मोजा. १८व्या पानावर प्रार्थना आणि १९व्या पानावर नोकरी, आजारातून सुटका, रुसलेला मुलगा घरी, हे पटत नाही. चमत्कार घडू शकतो, पण कथेत तो गाठ सोडवायला आला की प्रेक्षकाला लेखकाचा हात दिसतो. चमत्कार सुरुवातीला ठेवा, म्हणजे त्यातून गुंता तयार होतो. किंवा त्याची किंमत कुणाला तरी मोजायला लावा.

चित्रीकरणात सर्वांत जास्त अब्रू जाते ती आवाजाने. प्रतिमा थोडी कच्ची असली तर प्रेक्षक सहन करतो, घुमणारे संवाद सहन करत नाही. बूम माइक (लांब काठीवरचा) चौकटीबाहेर पण तोंडापासून ४० ते ६० सेंटिमीटरवर ठेवा, कपड्यात छोटा माइक जोडीला. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून ३० ते ६० सेकंद नुसती खोलीची शांतता मुद्रित करा. संकलनात संवादांमधल्या फटी तिनेच बुजतात. लहान चमूला दिवसाला चार-पाच पानं झेपतात, म्हणजे पाच ते सहा दिवस धरा. तीन दिवसांत उरकायला गेलात तर पहिला बळी नटांच्या तालमीचा जातो.

पार्श्वसंगीत नटाच्या डोळ्यांत पाणी येण्याआधी सुरू करू नका. संकलनात संगीताचा तुकडा १०-१५ सेकंद पुढे ढकलून बघा. बहुतेक ठिकाणी दृश्य सुधारतं, काही ठिकाणी संगीत नकोच होतं हे कळतं.

बायबलकाळातलं दृश्य असेल तर कपडे नवे दिसता कामा नयेत. चार-पाच वेळा धुवा, चहाच्या पाण्यात बुडवा, गळा, कोपरे आणि खालची कड सँडपेपरने घासा. पायांवर धूळ हवी. चिकटवलेल्या दाढीची कड जवळच्या चौकटीत हमखास दिसते, त्यामुळे दोन महिने आधी नटांना दाढी वाढवायला सांगणं बरं.

उपासनावृंद

आभार, खूप कामाचं मिळालं. दोन शंका. लघुपटाच्या शेवटी बायबलमधलं वचन यावं असा पाळकांचा आग्रह आहे. ते ठेवायचं की नाही? आणि अमेरिकेत २००८ साली ‘फायरप्रूफ’ हा ख्रिस्ती चित्रपट सुमारे पाच लाख डॉलरमध्ये झाला आणि तीन कोटी तीस लाखांहून जास्त कमावून गेला. त्याच्यावर उपदेशाची टीका झालीच. मग प्रेक्षकाला हे दोष खरंच खटकतात का?

दृश्यसंहिता

आकडे बरोबर आहेत. पण त्या चित्रपटाची बरीच तिकिटं मंडळ्यांमार्फत, गटागटाने विकली गेली. आधीच सहमत असलेला प्रेक्षक चित्रपटाची उणीव स्वतःच्या विश्वासाने भरून काढतो. त्यात काही गैर नाही, तसा चित्रपट करायचा असेल तर उघडपणे मंडळीसाठी करा. बाहेरचा माणूसही बघणार असेल तर ती मदत मिळत नाही आणि प्रत्येक दृश्याला स्वतःच्या बळावर उभं राहावं लागतं.

वचनाला माझा विरोध नाही. शास्त्राचे शब्द चित्रपटाला जड होतात असंही नाही. इटालियन दिग्दर्शक पासोलिनी स्वतः नास्तिक, तरी त्यांनी १९६४ साली मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला तेव्हा संवाद त्या शुभवर्तमानातलेच घेतले आणि नट हौशी घेतले. डॅनिश दिग्दर्शक ड्रायर यांनी १९२८च्या मूकपटात फ्रान्सच्या संत जोन ऑफ आर्कच्या १४३१मधल्या खटल्याच्या नोंदींतली प्रश्नोत्तरं वापरली, रंगभूषा टाळली आणि चेहरे अगदी जवळून दाखवले. दोघांनीही पवित्र शब्दांच्या शेजारी खरीखुरी माणसाची त्वचा ठेवली.

तुमच्यासाठी उपाय असा: वचन शेवटच्या काळ्या पाटीवर टाकू नका, तिथे ते प्रश्नपत्रिकेच्या उत्तरासारखं दिसतं. सहाव्या-सातव्या पानाच्या आसपास ते एखाद्या पात्राच्या तोंडी येऊ द्या, तेही अशा पात्राच्या ज्याला त्या क्षणी ते पटत नाहीये. शेवटी फक्त परिस्थिती अशी आणा की प्रेक्षकाला ते आठवेल. पाळकांना दोन्ही शेवट कापून दाखवा, एकामागून एक, मध्ये काही न बोलता.

काळीपाच

एक राहिलं. भाषांतरित दोन्ही गाणी मुद्रणाआधी वाद्यांशिवाय, गाणं माहीत नसलेल्या दहा-बारा जणांकडून गाऊन घ्या. दोनदा ऐकवा, तिसऱ्यांदा त्यांना गायला सांगा. जिथे सगळे एकाच जागी अडखळतात तिथे मात्रा चुकली आहे. जिथे सगळे आपोआप वेगळा सूर लावतात, तिथे बहुतेक वेळा त्यांचा सूर बरोबर असतो; तो लिहून घ्या.